धाराशिवहून वॉक-इन

फोन मंगळवारी दुपारी येतो. ‘गुरुवारी सकाळी साडेनऊला या, हिंजवडीला. वॉक-इन आहे.’

वॉक-इन म्हणजे सरळ चालत आत यायचं. धाराशिवहून हिंजवडी अडीचशे किलोमीटरच्या पुढे. देवीला पायी जाणाऱ्यांचा जिल्हा आहे हे खरं, पण कंपनीनं तरी तेवढी भक्ती गृहीत धरू नये.

घरात लगेच बैठक बसते. आई तुळजाभवानीला नारळ बोलते. वडील पंचांगाकडे बघतात, मग पाकिटाकडे. मामा मात्र ठाम असतात. ‘जाऊन तर ये. जाण्यानं काय बिघडतंय?’

काय बिघडतं ते मामांना कळायचं कारण नाही. तिकीट भाच्याचं असतं.

आता हिशेबच करू. जाण्यायेण्याची एसटी, २०२५ च्या जानेवारीत पंधरा टक्क्यांच्या आसपास महागलेली. हडपसर ते हिंजवडी, म्हणजे पुणे शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन वेळचं जेवण, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. दुकानात कामाला असेल तर दोन दिवसांचा बुडालेला पगार. दीड-दोन हजारांना सहज भोक.

समोरच्याचा खर्च किती? दहा मिनिटं आणि एक चहा. चहा कंपनीचा, मिनिटंही कंपनीचीच.

मग या सौद्यात गरजू कोण आणि खर्च कुणाचा, हे विचारलं तर पोरगं आगाऊ ठरतं.

रात्रीची गाडी पहाटे साडेचारला हडपसरला सोडते. त्या वेळी परगावच्या माणसाला पुण्यात दोनच दारं उघडी असतात. एक चहाच्या टपरीचं, दुसरं सुलभ शौचालयाचं. पिशवीत घडी घातलेला इस्त्रीचा शर्ट दुसऱ्या ठिकाणी अंगावर चढतो. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो हाच.

नऊ वाजता पोरगं गेटवर हजर. साहेब अकराला येतात. बाणेरला ट्रॅफिक होता म्हणे.

नातेवाइकांकडे उतरावं म्हणाल, तर तीही सोय आहे. पुण्यात प्रत्येकाची एक मावशी असते. पण मावशीकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही. कुंथलगिरीचे पेढे न्यावे लागतात.

नोकरी लागायच्या आधीच पेढे वाटणारा जगातला एकमेव उमेदवार आपला.

रेल्वे? आहे ना. लातूर-मुंबई गाडी रात्री धाराशिववरून, पुण्यामार्गे जाते आणि सकाळी मुंबईत पोचवते. फक्त तिचं रिझर्व्हेशन कधीच भरलेलं असतं आणि मुलाखतीचा फोन दोन दिवस आधी येतो. उरतो जनरल डबा. उभं राहून गेलेल्या पोराला मग साहेब विचारतात, ‘दडपणाखाली काम करता येईल का?’

तुळजापूरला तर रेल्वे यायचीच आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा चौऱ्याऐंशी किलोमीटरचा मार्ग २०१९ मध्ये मंजूर झाला. त्या बातमीनं खूश झालेलं शाळकरी पोर आता बायोडेटा घेऊन फिरतंय.

बरं, पोचला. आत गेला. पहिला प्रश्न, ‘धाराशिव? हे कुठं आलं?’

‘सर, पूर्वीचं उस्मानाबाद.’

‘अच्छा. म्हणजे तुम्ही तिकडून इकडे शिफ्ट झालात का?’

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. बायोडेटावर धाराशिव, मार्कशीटवर उस्मानाबाद, आणि कंपनीच्या ऑनलाइन फॉर्मात काय निवडायचं ते फॉर्म बनवणाऱ्यालाच ठाऊक. दहातली चार मिनिटं भूगोलात जातात. उस्मानाबादी शेळीला हा त्रास नाही. तिचं नाव तसंच राहिलं आणि तिला मागणीही घरबसल्या येते.

उरलेल्या सहा मिनिटांत काय विचारतात? शिक्षण किती, अनुभव किती, पगाराची अपेक्षा किती, कधी रुजू होणार.

चारही प्रश्नांना फोन पुरला असता.

पहिल्या फेरीचं गणित नीट समजून घ्या. त्या फेरीत कुणाची निवड होत नसते. त्या फेरीत नावं खोडतात. शंभरातली ऐंशी खोडायची, वीस ठेवायची. आता नाव खोडायला माणूस समोर कशाला लागतो? पेन लागतं.

आणि हे यांना जमत नाही असंही नाही. २०२० च्या टाळेबंदीत भल्याभल्या कंपन्यांनी मोबाईलवर मुलाखती घेतल्या, मोबाईलवरच ऑफर लेटर दिली. साथ ओसरली आणि तिच्याबरोबर ती विद्याही ओसरली.

कुणी म्हणेल, व्हिडिओ कॉलला रेंज लागते आणि आमच्या वाडीत ती नाही. मान्य. भूम-परंड्याकडच्या कितीतरी वाड्यांत आवाज जातो तर चेहरा अडकतो. पण रेंजसाठी गच्चीवर चढणं हे पुण्याला जाण्यापेक्षा जवळच आहे.

यावर शहाणी माणसं सांगतात, खासगीचा नाद सोड, सरकारी परीक्षा दे. तिथं शिस्त असते.

असते तर. २०२१ च्या सप्टेंबरात आरोग्य विभागाची परीक्षा होती, तारीख २५ आणि २६. पुढे ढकलल्याचं कळलं २४ तारखेला. म्हणजे लांबची पोरं गाडीत बसल्यावर. मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरीवर परतीचं तिकीट मिळत नाही.

पुढं ती परीक्षा ऑक्टोबरात झाली. मग पेपर फुटल्याचं निघालं.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला, रविवारी, म्हाडाची परीक्षा होती. ती रद्द झाल्याचं मंत्र्यांनी जाहीर केलं ते मध्यरात्र उलटल्यावर. तेव्हा धाराशिवचं पोरगं कुठं असेल? स्टँडवर, पिशवी उशाला घेऊन. बातमी आली तेव्हा त्याला उठवायलाही कुणी नव्हतं.

२०२३ ची तलाठी भरती आठवते? शुल्क खुल्या वर्गाला एक हजार, राखीवला नऊशे. अर्ज दहा लाखांच्या वर. केंद्र आपल्या जिल्ह्यात मिळेलच याची खात्री नाही. २१ ऑगस्टला पहिल्या सत्रात सर्व्हरच बंद पडला आणि परीक्षा उशिरा सुरू झाली. पोरं रात्रभर प्रवास करून वेळेवर आली होती, पोचला नव्हता तो सर्व्हर. आणि त्याला तर एसटीही धरायची नव्हती.

तरी सरकारात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. संघ लोकसेवा आयोग मुलाखतीला दिल्लीला बोलावतो आणि बाहेरगावच्या उमेदवाराला येण्याजाण्याचं रेल्वेभाडं देतो. स्लीपरचं का होईना, देतो. शिवाय बोलावतो ते शेवटच्या टप्प्याला, आधीच्या दोन परीक्षा पार केल्यावर.

देशाचे कलेक्टर निवडणारा भाडं देतो. सिमकार्ड विकायला माणूस हवा असलेला देत नाही. रुबाब मात्र दुसऱ्याचा जास्त.

रेल्वे भरतीतही अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षेला जायला मोफत प्रवासाचा पास मिळतो. चांगली सोय. फक्त उमरगा, लोहारा, भूम, परंडा, वाशी या गावांना रेल्वेच नाही. पास खिशात, आणि स्टेशन गाठायला जीप.

मुलींचं काय? त्यांना २०२३ च्या मार्चपासून एसटीत अर्धं तिकीट आहे. पण रात्रीच्या गाडीनं एकटी कशी पाठवायची म्हणून वडील बरोबर निघतात. त्यांचं तिकीट पूर्ण. अर्धं अधिक पूर्ण म्हणजे दीड. सवलतीनंतर भाडं दीडपट.

यावर उपाय आहे. सोबतीला आजोबांना न्या. पंचाहत्तर पूर्ण असतील तर एसटी त्यांना फुकट. गेटवर आजोबा, आत नात. साहेबांनाही कळू द्या की दहा मिनिटांच्या कामाला किती पिढ्या लागतात.

मग जायचंच नाही का?

असं कोण म्हणतंय? काही ठिकाणी जावंच लागतं. वेल्डरला वेल्डिंग करून दाखवावं लागतं, ड्रायव्हरला गाडी चालवून. पोलीस भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर धावावं लागतं, आणि जागा जास्त दिसल्या म्हणून पोरं लांबच्या जिल्ह्यात अर्ज भरतात. सोळाशे मीटर धावायला चारशे किलोमीटर प्रवास. चालायचंच. फोनवर धावता येत नाही.

शेवटची फेरी असेल, दोन-तीनच उमेदवार उरले असतील, पगाराचा आकडा कानावर पडला असेल, तर उसने घेऊन जा. मामांकडूनच घ्या. त्यांनाही कळेल काय बिघडतं.

पण पहिल्या फेरीला? तिकीट काढायच्या आधी फोन उचला आणि तीन प्रश्न विचारा. जागा किती आणि पगार किती? पहिली फेरी फोनवर होईल का? नसेल, तर भाडं मिळेल का?

तिसऱ्या प्रश्नाला बहुधा ‘नाही’ येईल. येऊ दे. ते ‘नाही’ कसं येतं ते ऐका. ‘भाडं नाही देता येत, पण थांबा, शुक्रवारी फोनवर बोलू’ म्हणणारा माणूस कामाचा. ‘यायचं तर या, रांग लागलीय’ म्हणणाऱ्याकडे रांगच असते, नोकरी नसते.

आणि ‘येताना रजिस्ट्रेशनचे पाचशे घेऊन या’ म्हणणाऱ्याचा नंबर मामांना द्या. बोलू द्या त्यांना.

विचारलेलं आवडलं नाही तर? नाव कापतील ना? ही भीती आपल्या रक्तातच आहे. बोलावणं आलं की हात जोडून निघायचं. अरे, पण साधं भाडं विचारलं म्हणून भडकणारा साहेब उद्या दिवाळीची रजा मागितल्यावर काय करेल?

नाव कापायचंच असेल तर ते धाराशिवात बसून कापून घेतलेलं बरं. फुकटात होतं.

नीती आयोगानं २०१८ मध्ये देशातले ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले. महाराष्ट्रातून चार. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपण. आकांक्षित म्हणजे ज्याला आकांक्षा आहे तो. ती कसली, हे बघायचं असेल तर रात्री नऊनंतर एसटी स्टँडवर या. पुण्याच्या गाडीला जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकताना दिसेल.

आता त्या गुरुवारच्या पोराचं काय झालं ते सांगतो. आमच्या ओळखीतलाच आहे. कंपनी शेतीच्या औषधांची. पद फील्ड ऑफिसर. भूगोलाची चार मिनिटं झाली, मग उरलेली सहा. शेवटी साहेबांनी फाईल मिटली आणि विचारलं,

‘पोस्टिंग जरा लांब आहे. जमेल का?’

‘जमेल सर. कुठं?’

‘धाराशिव.’

पोरगं गप्प. साहेबांना वाटलं, कचरतोय. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, ‘बघा, गावाकडचा भाग आहे, सोयी कमी असतात. आधी एकदा जाऊन तर या. जाण्यानं काय बिघडतंय?’

परतीचं तिकीट त्याच्या खिशातच होतं. स्वतःच्या पैशानं काढलेलं.