क्लिअरची वजाबाकी

घरी रंगवलेल्या स्कूटरवर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारून झाला, की त्यातले दोष दाखवायला सगळी गल्ली फुकट मिळते. काढायला मात्र एकटा मालक उरतो. खरा धोका तिथेच आहे. माझं मत असं, की ताज्या क्लिअरचं धूळ जेवढं नुकसान करते, त्याहून जास्त मालकाचा उत्साह करतो. हिशेब साधा आहे. वाळलेला क्लिअर साधारण 40 ते 60 मायक्रॉनचा. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरतो. दोष काढायचा म्हणजे याच थरातून घासून काढायचा. प्रत्येक दुरुस्ती ही वजाबाकी, आणि मुद्दल केसापेक्षा बारीक. त्यात पॅनेलच्या कडांवर थर आणखी पातळ. तिथे हौसेने चार हात जास्त फिरवले, की क्लिअर संपतो, रंगही संपतो आणि बारीकशा कणाची तक्रार करणाऱ्याला थेट प्रायमरचं दर्शन घडतं.

सोलापुरात या दोषांना फार लांबून यावं लागत नाही. क्लिअर मारायला 20 ते 25 अंशांची हवा बरी. मे महिन्यात इथला पारा 40 च्या वर असतो. थिनर इतक्या घाईने उडतो, की क्लिअरला पसरून सपाट व्हायला सवडच मिळत नाही आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणून हात जड केला, तर ओघळ येतात. वरचा पापुद्रा लवकर धरला, तर आत कोंडलेला थिनर बारीक फोड उठवतो. उरलेली कामगिरी धूळ आणि यंत्रमागाचे तंतू वाटून घेतात. कण, साल आणि ओघळ यांवर इलाज आहे. ओघळ असेल तर कडक ठोकळ्याला 1000 चा पेपर लावून फक्त तेवढाच उंचवटा खाली आणायचा. मग 1500, 2000, 3000 असे वॉटर पेपर आणि शेवटी कंपाउंड. खोल फोडांवर मात्र पेपर चालत नाही. घासलं की त्यांची तोंडं उघडतात आणि तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, घासायचं कशाला, वरून अजून एक हात मारू. पण खालचा उंचवटा वरचा थर इमानाने पुढे चालवतो. आधी सपाट केल्याशिवाय सुटका नाही. दुसरा म्हणेल, सोलापूरचं ऊन आहे, एका दुपारीत दगड होईल. उष्णतेने क्लिअर लवकर पिकतो हे खरं. गॅरेजच्या भट्टीत सुमारे 60 अंशांवर तेच करतात. पण भट्टीतली उष्णता सगळीकडे सारखी असते. उन्हात मडगार्ड भाजतं आणि त्याची सावलीतली बाजू कच्ची राहते. कच्चा क्लिअर घासला, की पेपर चिकटून भरतो आणि पॉलिशने आणलेली चमक थोड्या दिवसांत उतरते. म्हणून डब्यावर लिहिलेली वेळ पाळावी. इथे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. वॉटर पेपरच्या कामात एवढा सक्तीचा संयम दुसऱ्या कुठल्या शहराला लाभला असेल असं वाटत नाही. तिसऱ्याची सूचना असते, तोवर चादर टाकून ठेवा. सोलापुरी चादर टिकाऊ आहे, म्हणूनच टाकू नये: मऊ क्लिअरवर तिची वीण उमटली, की तीही टिकाऊच ठरते. सोलापुरी टॉवेलचंही तसंच. तो अंग पुसायला उत्तम, पण नाकाला गुंडाळून हार्डनरवाला क्लिअर मारू नये. त्यातले आयसोसायनेट कापडाने अडत नाहीत आणि त्यांनी दमा जडू शकतो. तिथे योग्य रेस्पिरेटरच हवा, आणि तो नसेल तर हे काम गॅरेजवाल्याचं.

शेवटचा आक्षेप अभिमानाचा: मग घरचं काम कंपनीसारखं दिसणार कसं? शोरूममधल्या नव्या गाडीत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. त्याची कड बऱ्याचदा किंचित लहरी दिसते. कंपनी ती साल तशीच ठेवून गाडी विकते आणि आपण पेढे वाटतो. तेव्हा एकच नियम पुरे. दोष नखाला लागत असेल, तर थांबून, बेताने घासा. फक्त शेजाऱ्याच्या डोळ्याला लागत असेल, तर शेजाऱ्याला चहा पाजा, क्लिअर वाचतो.