सदर इसम एकच

तहसीलच्या आवारात सत्तरीला टेकलेले, टोपी सरळ आणि पिशवी घट्ट धरलेले आबा दिसले, की त्यांना वडिलांचं नाव विचारू नये. विचारलंच तर बसून घ्यावं. कारण आबा आधी उलट विचारतात, "कोणत्या?"

मावशीला मूलबाळ नव्हतं. मावशानं आबांना मांडीवर घेतलं, गावजेवण घातलं, पंचांच्या सह्या-अंगठे झाले, दस्त नोंदवला, पेढे वाटले. आबा नव्या आडनावानं शेतीला लागले. शाळेला कळवायचं तेवढं राहिलं. त्यामुळे टीसीवर जन्मदात्याचं नाव, सातबाऱ्यावर मावशाचं आणि आधारवर त्या दिवशी कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराला जे सुचलं ते.

मूळ दत्तकपत्र? "वकिलाकडं दिलतं." मराठवाड्यातला प्रत्येक हरवलेला कागद शेवटचा वकिलाकडंच दिसलेला असतो. वकीलसाहेब वारले, मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे.

बाकी सगळं आहे. बियाणे कंपनीच्या पिशवीतून आधी मावशाच्या मांडीवरचा, कोपरा वाळवीनं खाल्लेला फोटो निघतो. मग 1972 च्या दुष्काळातली तगाईची पावती, मग रेशन कार्ड. लॅमिनेशनवर आबांचा फार जीव. हाती लागलं ते त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घातलं, टीसीसुद्धा. त्यावर आता शिक्का उमटत नाही, ही गोष्ट वेगळी.

कायदा मात्र तोंडपाठ. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे पोर प्रत्यक्ष दिलं-घेतलं की दत्तक झालं, नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असली तर कोर्ट दत्तक खरंच धरून चालतं, आणि रीतसर झालेलं दत्तक घेणाऱ्याला मोडताही येत नाही. "म्हंजे मी पक्का हाय, कागदच तेवढा नाही," असं म्हणून आबा तंबाखू मळतात.

मग नक्कल काढा की! इथं खरी गंमत आहे. जमिनीच्या खरेदीखताची नक्कल कोणीही मागू शकतो. दत्तकपत्र जातं दुय्यम निबंधकाच्या चार नंबरच्या पुस्तकात, आणि त्यातली नक्कल फक्त दस्त करणाऱ्याला किंवा दस्तावरून हक्क सांगणाऱ्याला मिळते. दस्त करणारे केव्हाच वर गेले. हक्क सांगणारे आबा. पण हे आबा म्हणजे तेच, कशावरून? ते ज्या कागदावरून ठरेल, तोच कागद काढायला आबा आलेले असतात. खिडकीमागच्या साहेबांनाही हे पटतं. ते मनापासून हसतात आणि सोमवारी यायला सांगतात.

त्यात आबा परतूरकडचे. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला; त्याआधी परतूर परभणीत होतं. दस्त त्याआधीचा, तेव्हा कोणीही भला माणूस आबांना परभणीची एसटी दाखवतो. आबा जातातही. कागद मिळत नाही, पण एखादा सोयरा निघतो आणि जेवण होतं.

2023 मध्ये अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तर आबांचा भाव वधारला. लोक खासरा पत्रकात एक पणजोबा शोधत होते; आबांच्या वहीत दोन वंशावळी तयार होत्या, लाल आणि निळ्या शाईत. तरुण पोरं त्यांच्याकडून वंशावळ कशी लिहायची ते शिकून गेली. त्यातल्या काहींचे दाखले निघाले. आबांचं काम तिथंच.

शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरतं: 'वरील दोन्ही नावांचा सदर इसम एकच असून तो मीच आहे.' शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर 2024 मध्ये पाचशेचा झाला होता. आबा कुरकुरत नाहीत. दोन नावं आहेत, नावाला अडीचशे पडले, असा त्यांचा हिशोब.

तुमच्या घरात कोणी असं मांडीवर गेलेलं असेल, तर दस्त क्रमांक, तारीख आणि निबंधक कार्यालयाचं नाव आजच पक्क्या वहीत लिहून ठेवा. नक्कल शोधायला तेवढं लागतं. शाळेतलं नावही वेळेवर बदलून घ्या. अधिक माहिती आबा फुकट देतात. फक्त ऐकायला येताना दुपारचा डबा सोबत आणा.