नायिकेने एप्रिलात यावं

अमेरिकेतल्या हॉलमार्क वाहिनीने २००९ पासून नाताळच्या प्रेमपटांचा रतीबच घातलाय. शहरात बढतीच्या मागे लागलेली पोरगी डिसेंबरात गावी येते, बुडायला आलेली वडिलांची बेकरी सावरते, चौकड्यांचा शर्ट घातलेला एक सज्जन विधुर भेटतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत, बर्फ भुरभुरत असताना, चुंबन. बर्फ बहुधा खोटा. यातले बरेच सिनेमे कॅनडात ऐन उन्हाळ्यात उरकतात. लोकरी कोटातल्या नायिकेचा घाम तेवढा पुसून घेतात.

गुण आहेत, नाही कशाला म्हणा. दीड तासात जमतं सगळं. तेवढ्या वेळात आपल्या मालिकेत हळदीची वाटी सांडते आणि तीन सासवांचे चेहरे तीन-तीनदा दिसतात, बस्स.

पण ही गोष्ट बीड जिल्ह्यातल्या आष्टीत लावून बघा. नाताळात गावी यायचं कोणी? दिवाळी झाली की तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. वस्तीवर म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि शेरडं. जोडीचं महत्त्व आपल्याकडेही आहे म्हणा. मुकादम उचल देतो ती जोडप्याच्या हिशेबाने. फडातल्या कोपीत पहाटेची थंडीही अस्सल असते.

बाकी सोय झालीय. २०२२ मध्ये नगरहून रेल्वे आष्टीपर्यंत आली, म्हणजे नायिकेला बॅग घेऊन उतरायला फलाट आहे. फक्त तिने एप्रिलात यावं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय नायक काही गावात सापडायचा नाही.