रिकाम्या जागा भरा

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे अभियांत्रिकी व व्यवस्थापन शिक्षणाचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए यांसारखे पदवी अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाने त्यांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू केली. परिणामी, सांगलीलगतच्या माधवनगरातील वाणिज्य शाखेच्या मुलाला, बारावीचे इंग्रजी उत्तीर्ण होऊनही, त्याच भाषेतील योग्यता पुन्हा सिद्ध करणे भाग पडले. १०० प्रश्नांपैकी ४० प्रश्न इंग्रजीचे असल्याने उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे शोधणे, समानार्थी शब्द हेरणे, गाळलेला शब्द निवडणे आणि वाक्यातील सदोष भाग दाखवणे, असा सराव घरोघरी सुरू झाला. सर्व प्रश्न बहुपर्यायी असल्यामुळे चूक ओळखता आली की पुरे, बरोबर वाक्य लिहिता येण्याची अट नाही. म्हणजे एकही वाक्य न लिहिता इंग्रजीत पात्र ठरण्याची सोय शासनानेच केली आहे, आणि सरावसंचातच छपाईच्या चुका आढळल्यास तो विनामूल्य जादा सराव समजावा. प्रवेश परीक्षा गर्दीतून निवड करण्यासाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्याच वर्षी मात्र राज्यात परीक्षार्थींपेक्षा जागाच अधिक निघाल्या, म्हणून ऑगस्टमध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, आणि व्याकरणाच्या ज्या जुन्या प्रश्नप्रकाराचा सराव मुले करत होती, तो महाविद्यालयांच्या प्राचार्यांना पर्यायांविना सोडवावा लागला.