डाव्या कोपऱ्यातला मामा

बुलढाण्याच्या माणसाला दुष्काळ दाखवा, टँकरची रांग दाखवा, लोणारचं गुलाबी झालेलं पाणी दाखवा, तो डगमगत नाही. पण तळ्यात उभ्या असलेल्या धडधाकट बोटीत कुणी पंप लावून पाणी भरताना दिसलं, की त्याच्या पोटात खड्डा पडतो. माझ्या पडला. जागा टेक्सासातल्या ऑस्टिनजवळची, लेक ट्रॅव्हिस, आणि पाणी भरणारा माझा सख्खा भाचा.

"अरे बाप्पा, बोटीत पानी कायले भरून राह्यला तू? लोक काढतात!"

"मामा, बोट थोडीशी बुडवाची हाय."

शिकलेलं पोरगं. बहिणीला काय सांगू, याच विचारात मी काठावर उभा.

हा लेक ट्रॅव्हिस म्हणजे कोलोरॅडो नदीवरच्या मॅन्सफिल्ड धरणाचा जलाशय. धरण म्हटल्यावर आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असतो, किती टक्के? खडकपूर्णा किती, नळगंगा किती, पेनटाकळी किती, हे आम्हाला पोराच्या मार्कांआधी माहीत असतं. भाच्यानं सांगितलं की 2023-24 मध्ये हा जलाशयसुद्धा निम्म्याच्या खाली गेला होता. ऐकून परका मुलूख एकदम सोयऱ्यांचा वाटू लागला.

खेळाचं नाव वेकसर्फिंग. ज्यांच्या नशिबी समुद्र नाही, त्यांनी बोटीकडून लाट करून घ्यायची आणि तिच्यावर फळी टाकून उभं राहायचं. सुरुवातीला आखूड दोरीला धरायचं, लाटेनं पोटाशी घेतलं की दोरी सोडून द्यायची. बोटीचा पंखा मात्र बुडाखाली, आत असलेलाच हवा. मागे उघडा पंखा फिरणाऱ्या बोटीमागे हा खेळ करायचा नाही, हे भाचा मला तीनतीनदा सांगत होता. मी खेळणार आहे असं त्याला का वाटलं, देव जाणे.

आता पाणी भरण्याचं कारण. बोट जितकी जड, तितकं जास्त पाणी ती बाजूला ढकलते. मागे पडलेला खड्डा भरायला दोन्ही बाजूंचं पाणी धावतं आणि त्याची लाट होते. म्हणून टाक्यांमध्ये हजार-दीड हजार लिटर पाणी घेतात. आमच्याकडे एवढ्या पाण्यात एखाद्या घराचा आठवडा निघतो, आणि इथं ते नुसतं वजन म्हणून बसून होतं.

पण मोठी लाट म्हणजे नवशिक्याची लाट नव्हे. बैलगाडी हाकलेल्या माणसाला यातलं निम्मं शास्त्र न सांगता कळतं. भार मागे गेला की गाडी उलार होते, पुढे आला की बैलांच्या मानेवर बसतो. बोटीतही मागे फार भार टाकला तर लाट उंच आणि खडी होते, पण आखूड. शिकणारा तिच्यावर ठरत नाही. थोडा भार नाकाकडे सरकवला की ती लांब आणि ढाळाची होते, चुकायला जागा मिळते. मग वेग. ताशी 16-17 किलोमीटर. खोल पाण्यात बोटीबरोबर धावणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: 16 ला सुमारे साडेबारा मीटर, 18 ला जवळजवळ 16. दोन किलोमीटरचा फरक म्हणजे आमच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हिशेबात फरकच नव्हे. इथं त्यात माणूस पाण्यात जातो.

शेवटची गोष्ट बाजूची. डावा पाय पुढे ठेवणारा डाव्या लाटेवर चालतो, म्हणून डावीकडे भार जास्त. उलट बाजूला, म्हणजे उजवीकडे, मागच्या कडेला एक झडप पाण्यात उघडतात. त्यानं तिकडचं पाणी उशिरा येतं आणि डावी लाट फेसाशिवाय, स्वच्छ उभी राहते.

शिकणारी होती भाचेसून, माहेर खामगावचं, डावा पाय पुढे. टाक्या भरल्या, झडप उघडली, तरी लाट भाच्याच्या मनासारखी होईना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मापून पाहिलं, असं म्हणणं जास्त बरोबर.

"मामा, तुमी असे डाव्या कोपऱ्यात, मांगं बसा बरं."

मला वाटलं, वडीलधाऱ्याला मानाची जागा देतोय. मी उपरणं सावरून ऐसपैस बसलो. लाट उठली, त्याचा चेहरा उजळला, आणि मानाची भानगड माझ्या लक्षात आली. जन्मभर बायकोनं ज्या वजनावरून बोलणी ऐकवली, त्याला अमेरिकेत अखेर काम मिळालं होतं.

खडकपूर्णाच्या पाण्यावर हे का करू नये, असं भाच्याचं पुढचं म्हणणं. मिनेसोटा विद्यापीठाच्या 2022 च्या अभ्यासात, या लाटा साध्या बोटीच्या लाटांइतक्या मवाळ व्हायला काठापासून दीडशे मीटरहून जास्त अंतर लागतं असं निघालं, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं, आमच्याकडं पाणी उतरलं की काठावर गाळपेर असते; लाट कुणाच्या टरबुजात शिरली, तर तिथला शेतकरी तुझी झडप कुठं बसवील ते मी सांगत नाही. लोणारचं नाव तर काढूच नकोस, ते अभयारण्य आहे.

इकडे भाचेसून पाठीवर तरंगत, टाचा फळीवर टेकवून वाट पाहत होती. बोट हळूच निघाली, फळी पायांखाली आली, ती उठली आणि मागे झुकून पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. मागच्या पायावर वजन म्हणजे ब्रेक, पुढच्या पायावर म्हणजे वेग, हे भाचा ओरडून सांगत होता. नवऱ्यानं ओरडून सांगितलेलं बायको ऐकते, असा त्याचा समज अजून शिल्लक आहे.

मी कोणाला न विचारता हातभर पुढे सरकलो. लाट जराशी लांबली. भाचेसून उठली, गुडघे वाकवले, भार पुढच्या पायावर आणला आणि चक्क दोरी सोडून दिली! खामगावची पोर, पाण्यावर, दोरीशिवाय! आनंदानं टाळ्या वाजवायला मी उभा राहिलो, तसे बोटीतले सगळे आणि लाटेवरची ती सुद्धा एकाच सुरात ओरडले,

"मामा, खाली बसा!"