किंमत किरकोळ, खोळंबा ठोक

तेल म्हटलं की सगळं अवाढव्यच डोळ्यांपुढे येतं. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात उभे असलेले लोखंडी मनोरे, टोकाला पेटलेली ज्वाला, घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं आणि १९७४ साली मुंबई हायचं तेल शोधणारी रिग. तिचं नावही ‘सागर सम्राट’. ‘सागर शिपाई’ नावाची रिग तेल शोधायला कोण पाठवणार? पण साम्राज्य रोज चालतं ते शिपायांच्याच जिवावर. मुठीत मावणारी सोलेनॉइडची कॉइल, पितळी केबल ग्लँड, पेन्सिलीच्या तुकड्याएवढा फ्यूज, पॅनेलमधला रिले, अशी ही फौज. तिची आबाळ होते ती कुणाच्या आळसामुळे होते असं मला वाटत नाही. दोष हिशेबाच्या पद्धतीत आहे. खरेदी खातं बेरीज करतं आणि प्लॅटफॉर्म गुणाकारावर चालतो: एक आकडा शून्य झाला की अख्खं उत्तर शून्य.

कॉइलचंच बघा. विहिरीच्या तोंडाशी आणीबाणीत बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. तो उघडा राहावा म्हणून त्याच्यावर दाब धरून ठेवावा लागतो आणि तो दाब धरायचं काम २४ व्होल्टवर चालणारा एक छोटा सोलेनॉइड करतो. वीज गेली, तार तुटली किंवा कॉइल जळली, की दाब सुटतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवून टाकते. ही रचना मुद्दाम केलेली आहे: बिघाड व्हायचाच असेल तर तो सुरक्षित बाजूला व्हावा. शहाणपणाचीच गोष्ट. पण तिचा दुसरा अर्थ असा, की कॉइल जळली की विहीर बंद. आणि ती मुख्य शटडाउन पॅनेलवरची असली तर अख्खा प्लॅटफॉर्म बंद. सत्यनारायणाला केळीचे खांब आले, साजूक तूप आलं आणि सुपारी राहिली, तर गुरुजी निदान अक्षता वाहून वेळ मारून नेतात. सोलेनॉइडला अक्षता चालत नाहीत. मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नेमका हा गुणाकार मांडला आणि त्याला ‘ओ-रिंग सिद्धान्त’ म्हटलं. १९८६ मध्ये चॅलेंजर यान ज्या रबरी कड्यापायी गेलं, त्याच्यावरून हे नाव. क्रेमर यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. स्टोअरकीपरला ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, पण त्याला विचारतो कोण?

बरं, साठा-व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या दुखण्यावर औषध नाही असंही नाही. तिथे वस्तूंची वर्गवारी दोन प्रकारे शिकवतात. एक एबीसी: वर्षाला जिच्यावर जास्त पैसा जातो ती ‘ए’, किरकोळ ती ‘सी’. दुसरी व्हीईडी: जिच्यावाचून काम थांबतं ती ‘व्ही’, जिच्यावाचून अडतं ती ‘ई’, असली तर बरी ती ‘डी’. आपली कॉइल पहिल्या यादीत ‘सी’ आणि दुसरीत ‘व्ही’. म्हणजे एकाच कुंडलीत दरिद्रयोगही आहे आणि राजयोगही, आणि पुढचं भविष्य कुणाच्या टेबलावर कोणती यादी उघडी आहे त्यावर ठरतं. सहसा एबीसीच उघडी असते, कारण तिच्यात रुपये असतात आणि रुपये ऑडिटला दिसतात. थांबलेली विहीर ऑडिटला दिसत नाही. तिचं खातं वेगळं.

इथे व्यवहारी माणूस म्हणेल, एवढं रडायचं कशाला? मुंबईच्या लोहार चाळीत माणूस पाठवा, दुपारपर्यंत ग्लँड हजर. लोहार चाळीबद्दल मला आदर आहे. पंख्याच्या कपॅसिटरपासून झुंबरापर्यंत तिथे काय मिळत नाही! ग्लँडही मिळेल, तसाच पितळी, तसाच चकचकीत. फरक दिसत नाही, हीच अडचण. हा ग्लँड ज्या फ्लेमप्रूफ पेटीवर बसतो, तिच्यात वायू शिरतच नाही असा समज आहे. तो शिरतो. आत ठिणगी पडली तर स्फोटही होतो. पेटी तो स्फोट पोटात घेते आणि ज्वाळेला झाकणाच्या सांध्यातल्या, मिलिमीटरच्या काही दशांश एवढ्या फटीतून बाहेर जायला लावते. तेवढ्या वाटेत ज्वाळा इतकी निवते की बाहेरचा वायू पेटत नाही. केबल जिथून आत येते तिथलं हे काम ग्लँडच्या आट्यांकडे असतं. तेव्हा विकत घ्यायची ती धातूची वस्तू नसतेच, तिच्यामागची चाचणी घ्यायची असते. भारतात पेट्रोलियमच्या जागी वापरायच्या अशा उपकरणांना मान्यता देणारी ‘पेसो’ ही संघटना नागपुरात आहे. स्फोटक गोष्टींचा कारभार झीरो माइलच्या गावातून, सगळ्या समुद्रांपासून लांब राहून पाहावा, हे मला तरी समंजसपणाचं वाटतं.

मग भरपूर साठा करून ठेवा, असा दुसरा सल्ला येतो. पण रबरी सील कपाटात पडूनही म्हातारं होतं, खारी हवा पितळेलाही सोडत नाही, आणि दहा वर्षांसाठी घेऊन ठेवलेला रिले ज्या पॅनेलचा, ते पॅनेलच तोवर निवृत्त होतं. शिवाय साठा असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. मोठ्या कंपन्यांत सर्रास चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये वस्तूचं थोडक्यात वर्णन ४० अक्षरांतच बसवावं लागतं. त्यात आधी नाव, मग जात, मग माप, आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून ते व्होल्टेज शेवटी. ४० वं अक्षर संपलं की व्होल्टेज कापलं जातं. मग ऐन जुलैत, न्हावा इथल्या पुरवठा तळावरून निघालेल्या बोटीने उंच लाटांतून, रीतसर निविदा काढून, सर्वांत कमी दराने घेतलेली नवी कोरी कॉइल येते: २३० व्होल्ट, एसी.

‘इतकी वर्षं चाललंच ना?’ हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट होऊन ११ माणसं गेली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाला तपासात दिसलं, की विहीर बंद करणाऱ्या यंत्रणेच्या एका नियंत्रण पॉडमध्ये वायरिंग चुकल्याने बॅटरी उतरून गेली होती. दुसऱ्या पॉडमधल्या सोलेनॉइडचंही वायरिंग चुकलेलंच होतं, पण तिथली एक बॅटरी मेलेली असल्यामुळे दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि तो पॉड चालला. तोवर आतला पाइप वाकला होता, त्यामुळे त्याचाही उपयोग झाला नाही. ‘चाललंय’ याचा अर्थ कधीकधी एवढाच असतो.

उरतो ऑडिटवाल्यांचा आक्षेप, आणि तो खरा आहे: मोकळीक दिली तर प्रत्येक इंजिनियर आपली प्रत्येक वस्तू ‘व्ही’मध्ये घालेल. घालेलच. म्हणून वस्तू मागवण्याच्या इंडेंटवर ‘अंदाजे किंमत’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: ही वस्तू बिघडल्यावर तासाभरात काय थांबेल, आणि नवी यायला किती दिवस लागतील. दोन्ही उत्तरं ताडून पाहता येतात, खोटं लिहिलं तर सापडतं. फक्त पहिल्या रकान्यात ‘उत्पादनावर परिणाम होईल’ असं लिहायला सक्त मनाई हवी. ते वाक्य चहा पावडर मागवतानाही लिहितात. आणि भर समुद्रात, पावसाळ्यात, रात्रपाळीला, ते खोटं आहे असं छातीठोक सांगणारा ऑडिटर अजून जन्माला यायचा आहे.