टिपऱ्यांचा नाद

घ्या हो वहिनी, चांगल्या दोन डहाळ्या घ्या. कढीपत्ता काय मोजून द्यायचा असतो? आणि काल रात्री आमच्याकडून हसण्याचा आवाज आला म्हणता, तर पाहुणेबिहुणे कोणी नव्हते. आम्ही दोघंच. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ बघतोय. पहिल्या भागापासून!

मे महिन्यात मुलगा आला होता, तो मोबाइल टीव्हीला जोडायचं शिकवून गेला. मी म्हटलं, आवडीचा एखादा भाग लावू. छे! आमचे हे नोटप्रेसमधून रिटायर झालेले. 34 वर्षं नोटांचे नंबर बघितलेला माणूस, नंबराला नंबर लागलाच पाहिजे. रोज साडेआठला एक भाग, दुसरा मागायचा नाही. मी आपली, हे झोपले की दुपारी पुढचे दोन बघून ठेवते आणि रात्री नव्यानं हसते. बोलाल कुठे.

2001 साली सुरू झालं ना ते? चॅनल तेव्हा अल्फा मराठी, झी मराठी नंतर झालं. तुमच्याकडे केबल नव्हती, तुम्ही या भिंतीवरून टांग टाकून यायचात. भिंत ठेंगणी होती आणि आपले गुडघेही धड होते. भाग संपला की पुढच्यासाठी आठवडा थांबायचं. मग मधले दिवस इथंच उभं राहून तोच भाग पुन्हा करायचा, तुम्ही शिऱ्या आणि मी आबा. तुमची भाजी किती वेळा करपली त्यात!

एक सांगू? तेव्हा मी शिऱ्या आणि शलाकाला हसायचे. आता नजर सारखी शुभांगी गोखलेकडे जाते. सासरा, नवरा, दोन पोरं, आणि या चौघांच्या मधे ती. काय सुंदर वैतागते हो! कपाळाची ती आठी मला तेव्हा दिसलीच नव्हती. माझ्या कपाळावर तीच होती, दिसणार कशी?

आबांचं तर काय बोलायचं. प्रभावळकर म्हणजे चिमणरावही तेच, तात्या विंचूही तेच आणि मुन्नाभाईतले गांधीजीही तेच. पण त्यांचा जन्म 1944चा. म्हणजे आबा झाले तेव्हा जेमतेम 57 वर्षांचे. आमचे हे आता 69. मी नुसतं म्हटलं, ‘अहो, आबा तुमच्याहून 12 वर्षांनी लहान,’ तर टीव्हीच बंद केला!

दिग्दर्शक केदार शिंदे. त्यांनी टिपरे चालू असतानाच, 2004 मध्ये, ‘अगं बाई अरेच्चा!’ काढला. त्यातल्या हिरोला बायकांच्या मनातलं ऐकू येतं. आमच्याकडे तोंडावर बोललेलंही पोचत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. जरा इकडे सरका, हे व्हरांड्यात पेपर वाचताहेत. मालिका निघाली ती प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. हे यांना कळलं मात्र, कपाटातून एक कोरी डायरी निघाली. आता रोज रात्री दहाला लिहायला बसतात, तेही परीक्षेतल्या हुशार पोरासारखं पानावर हात आडवा धरून.

मग? बघितली की! हे दाढीला गेले तेव्हा. मला वाटलं, 40 वर्षांच्या संसाराचं काहीतरी असेल. तर, ‘सोमवार. मोटर 20 मिनिटं. टाकी भरली.’ ‘मंगळवार. भेंडी. गुडघा दुखतो.’ ‘बुधवार. गंगेला पूर. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी. फोटो चांगला.’ एवढंच. माझं नाव नाही. भेंडी कोणी केली, तेसुद्धा नाही!

तुमच्याबद्दल? आहे ना, तुमच्याबद्दल आहे. कालच्या पानावर. ‘ही सकाळी भिंतीपाशी शेजारच्या वहिनींशी 45 मिनिटं. विषय कळला नाही. कढीपत्ता संपत आला.’

अगं बाई, पेपर खाली ठेवला यांनी. घड्याळाकडे बघताहेत. जा, जा तुम्ही आत!